मॅकबेथची गाळलेली दहा वर्षं



आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘मॅकबेथ राज्य करायला लायक होता का?’ हा प्रश्न वाचला आणि मला माझेच जुने पेपर आठवले. दहा गुणांसाठी, सकारण चर्चा करा. मुलं पहिल्याच ओळीत ‘नाही’ असं लिहून टाकायची आणि उरलेल्या दोन पानांत महत्त्वाकांक्षा कशी वाईट ते सांगायची. मीही सहा-सात गुण देऊन मोकळा व्हायचो. (हशा) 

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, इंग्रजी वाङ्मयाचा नव्हे. राज्यसंस्थेचं तत्त्वज्ञान शिकवताना सत्तेचा हक्क कुठून येतो, हा भाग आला की मी उदाहरणाला मॅकबेथ घ्यायचो, कारण गोष्ट सगळ्यांना थोडीफार ठाऊक असते. असंच एकदा शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, खून केल्यावर त्यानं राज्य नीट चालवलं असतं तर? मग चाललं असतं का?” मी तिला काय सांगितलं, ते आज सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, “नाटकात तसं घडतच नाही, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही.” वर्ग हसला आणि ती खाली बसली. पुढे कितीतरी वर्षांनी, निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा, शेक्सपिअरनं ही गोष्ट जिथून उचलली ते इतिहासाचं पुस्तक मी चाळायला घेतलं. तिथे काय निघावं? त्या मुलीचा प्रश्नच निघाला. त्या पुस्तकात मॅकबेथ खून करून राजा होतो आणि नंतर तब्बल दहा वर्षं उत्तम राज्य करतो. शेक्सपिअरनं ती दहा वर्षं वाचली आणि गाळली. ती का गाळली, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय. लायकीच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं त्या वाटेनंच मिळेल.

नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगतो. मॅकबेथ हा राजा डंकनचा पराक्रमी सरदार. तीन चेटकिणी त्याला सांगतात की तू राजा होशील, आणि त्याचा मित्र बँक्वो याला सांगतात की तुझे वंशज राजे होतील. मॅकबेथची बायको त्याला भरीला घालते. पाहुणा म्हणून घरी आलेल्या, झोपलेल्या डंकनचा तो रात्री खून करतो आणि आळ पहारेकऱ्यांवर ढकलतो. मग राजा होतो, बँक्वोला मारवतो, मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल करवतो, आणि शेवटी मॅकडफच्या हातून मारला जातो. मराठी रंगभूमीला ही गोष्ट जुनी आहे. शिवराम महादेव परांजप्यांनी तिचं ‘मानाजीराव’ केलं, शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ केलं. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या मनात आत्ता शनिवारवाडा आणि रघुनाथराव आले असतील, याची मला कल्पना आहे. तो मोह मी आज टाळतोय. त्यावर बोलायचं तर वेगळी संध्याकाळ लागेल. आपण स्कॉटलंडातच राहू.

तर, अकराव्या शतकातलं स्कॉटलंड. मॅकबेथ नावाचा राजा खरोखर होऊन गेला. १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं त्यानं राज्य केलं. राजा होण्याआधी तो उत्तरेकडच्या एका मोठ्या प्रांताचा अधिपती होता. त्या प्रांताचं स्पेलिंग पाहिलं तर आपण सरळ ‘मोरे’ वाचू. तिकडचे लोक ‘मरी’ म्हणतात. जावळीच्या मोऱ्यांशी संबंध नाही. (हशा) अशा प्रांताधिपतीला ‘मोरमेर’ म्हणत. आपल्याकडचा वतनदार सरदार डोळ्यांपुढे आणा, पण त्याहून बराच स्वतंत्र.

त्या काळी तिथे बापाच्या मागून थोरला मुलगा असा वारसा नव्हता. राजघराण्याच्या शाखा होत्या, आणि त्यांच्यातल्या सज्ञान, लढू शकणाऱ्या पुरुषांपैकी एकाकडे राज्य जाई. बहुधा एकदा या शाखेकडे, एकदा त्या शाखेकडे. या पद्धतीला पुढे ‘टॅनिस्ट्री’ असं नाव पडलं. पद्धत ऐकायला शहाणपणाची वाटते, कारण पाळण्यातलं पोर गादीवर बसत नाही. पण तिचा दुसरा अर्थ असा की प्रत्येक राजाच्या जिवंतपणीच त्याची जागा घ्यायला तितकाच हक्काचा एक तरणाबांड चुलतभाऊ तयार असायचा. त्या काळातले बरेचसे राजे अंथरुणात मेलेले नाहीत.

डंकनचा आजोबा, दुसरा माल्कम, यानं १००५ साली आधीच्या राजाला, तिसऱ्या केनेथला, लढाईत मारून गादी मिळवली. एकोणतीस वर्षं राज्य केलं. त्याला मुलगा नव्हता, मुलगी होती. दुसऱ्या शाखेकडे गादी जाऊ नये म्हणून म्हातारपणी, १०३३ साली, त्यानं त्या शाखेतला एक वारस मारवला. १०३४ साली तो वारला आणि मुलीचा मुलगा डंकन राजा झाला. म्हणजे आपल्या नाटकातला तो साधा, पवित्र, निरपराध डंकन ज्या गादीवर बसला होता, ती अशी साफसफाई करून ठेवलेली गादी होती.

आता मॅकबेथची बायको. नाटकात तिला स्वतःचं नावसुद्धा नाही. इतिहासात आहे: ग्रुओख. ती राजवंशाच्या दुसऱ्या शाखेतली. बहुतेक अभ्यासकांच्या मते, माल्कमनं ज्याला मारलं त्या तिसऱ्या केनेथचीच ती नात. तिचा पहिला नवरा मरीचाच अधिपती होता. १०३२ साली त्याला पन्नास माणसांसह जाळून मारलं गेलं. त्याच्यापासून तिला लूलाख नावाचा मुलगा होता. मॅकबेथनं तिच्याशी लग्न केलं आणि त्या मुलालाही सांभाळलं. लूलाखचं नाव लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा येणार आहे.

डंकन काही नाटकातल्यासारखा पांढऱ्या दाढीचा नव्हता. तो अकाली, ऐन तारुण्यात मेला अशीच नोंद आयरिश मठातल्या वार्षिक वृत्तांतात आहे. त्यानं इंग्लंडमधल्या डरहॅमवर स्वारी केली, ती सपशेल फसली, पुष्कळ माणसं मेली, आणि मारलेल्या स्कॉट सैनिकांची मुंडकी डरहॅमच्या बाजारात खांबांवर लावली गेली. त्यानंतर तो फौज घेऊन उत्तरेला मॅकबेथच्या मुलखात गेला. १०४० च्या ऑगस्टमध्ये एल्गिनजवळ लढाई झाली, तीत तो पडला. मारियानुस स्कोटुस नावाचा एक आयरिश संन्यासी जर्मनीत माइन्त्सला राहून इतिहास लिहीत होता. तो मॅकबेथचा समकालीन. तो लिहितो की डंकनला त्याच्याच सेनापतीनं, मॅकबेथनं मारलं. वाडा नाही, रात्र नाही, पाहुणचार नाही, रक्ताळलेले खंजीर नाहीत. सर्वांच्या देखत, दिवसाउजेडी झालेला सत्तापालट. ही गोष्ट जरा मनात घोळू द्या, कारण माझा सगळा युक्तिवाद याच खुंटीवर टांगलेला आहे.

मग ती सतरा वर्षं. १०४५ साली डंकनचा बाप क्रिनान यानं बंड केलं आणि तो लढाईत मारला गेला. हा क्रिनान डंकेल्डच्या मठाचा मठाधिपती होता, म्हणजे नावाला धर्मपुरुष आणि एरवी सरदार. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं मोठ्या बंडाळीची नोंद नाही. मॅकबेथ आणि ग्रुओख या दोघांच्या नावानं लॉख लेव्हनच्या बेटावरच्या संन्याशांना जमीन दिल्याची नोंद आहे. राजा आणि राणी दोघांची नावं एका दानपत्रात! नाटकातलं ते जोडपं आठवा आणि हे जोडपं पहा. एका आयरिश भविष्यकथनात त्याचं वर्णन उंच, तांबूस वर्णाचा, पिंगट केसांचा, उदार राजा असं येतं. १०५२ साली इंग्लंडमधून पळालेल्या काही नॉर्मन सरदारांना त्यानं आश्रय दिला.

आणि १०५० साली तो रोमला गेला. यात्रेला. तिथे त्यानं गोरगरिबांमध्ये पैसा असा वाटला की बी पेरल्यासारखा, असं तो माइन्त्सचा संन्यासी नोंदवतो. स्कॉटलंडहून रोम म्हणजे काही महिन्यांचा प्रवास. जायला काही महिने, यायला काही महिने. इतका काळ राजा देशाबाहेर, आणि परत येतो तर गादी जागेवर. या यात्रेकडे मी नंतर पुन्हा वळणार आहे.

मग या माणसाचा राक्षस कसा झाला? एका दिवसात झाला नाही, आणि सगळं पाप शेक्सपिअरचंही नाही. मॅकबेथनंतर स्कॉटलंडची गादी कायमची डंकनच्या वंशाकडे गेली, आणि इतिहास त्या वंशाच्या आश्रयानं लिहिला गेला. चौदाव्या शतकात फोर्डननं मॅकबेथला जुलमी बलात्सत्ताधारी ठरवलं. पुढच्या शतकात विंटनच्या पद्यमय इतिहासात भाकीत करणाऱ्या तीन बायका आल्या, पण अजून स्वप्नात. १५२७ साली हेक्टर बोईसनं लॅटिनमध्ये स्कॉटलंडचा मोठा इतिहास छापला आणि त्यात बँक्वोला आणून बसवलं. हा बँक्वो पूर्णपणे काल्पनिक आहे. तेव्हाच्या स्ट्युअर्ट राजघराण्याला एखादा प्राचीन, मानाचा मूळपुरुष हवा होता. तो असा मिळाला. खरे स्ट्युअर्ट फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून आलेल्या एका कारभारी घराण्यातले. आपल्याकडेही वंशावळी शोधून देणारी मंडळी होतीच, तेव्हा आपण फार हसू नये.

बोईसवरून हॉलिनशेडच्या इंग्रजी इतिहासात ही गोष्ट आली. त्याची १५८७ ची आवृत्ती शेक्सपिअरच्या टेबलावर होती. हॉलिनशेडचा डंकन मऊ, ढिला, गुन्हेगारांना शासन न करणारा. आणि त्याच्या मॅकबेथला एक खरीखुरी तक्रार आहे. डंकन आपल्या लहान मुलाला, माल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो; आणि जुना कायदा असा की वारस सज्ञान नसेल तर राज्य जवळच्या सज्ञान नातलगाकडे जावं. म्हणजे मॅकबेथचा हक्क डावलला गेला. मग मॅकबेथ काही मित्रांना विश्वासात घेतो, त्यांत बँक्वो प्रमुख, आणि त्यांच्या मदतीनं डंकनला मारतो. पुढे दहा वर्षं तो चोरांना, गुंडांना शासन करतो, दुबळ्यांचं रक्षण करतो, कायदे करतो. हॉलिनशेड त्या कायद्यांची यादीच देतो. हा सगळा न्यायीपणा वरवरचा होता, अशी पुस्तीही तो जोडतो. पण दहा वर्षं वरवर न्याय मिळत असेल, तर ज्या शेतकऱ्याची गुरं चोरीला गेली नाहीत त्याला आतलं काय घेणं आहे, असं माझ्या मनात येतं.

शेक्सपिअरनं काय केलं पहा. जुन्या कायद्याची तक्रार गाळली. नाटकात डंकन माल्कमला वारस जाहीर करतो खरा, पण त्यात मॅकबेथवर काही अन्याय झाला हे कुणी बोलत नाही. डंकनचा ढिलेपणा गाळला. बँक्वोचं खुनातलं अंग गाळलं. दहा वर्षं गाळली. आणि खुनाची पद्धत बदलली. वाड्यात, रात्री, पाहुण्याचा, बायकोच्या चिथावणीनं, पहारेकऱ्यांना दारू पाजून, सकाळी त्याच पहारेकऱ्यांना ठार करून केलेला हा खून त्याच पुस्तकातल्या वेगळ्याच गोष्टीतला आहे. ती गोष्ट दहाव्या शतकातल्या डफ नावाच्या राजाची आणि त्याला मारणाऱ्या डॉनवाल्डची. शेक्सपिअरनं डॉनवाल्डचा खून उचलून मॅकबेथच्या हातात दिला.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला, शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचा तो आश्रयदाता झाला, तो स्वतःला बँक्वोचा वंशज मानत होता. १६०५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पार्लमेंटसकट दारूगोळ्यानं उडवायचा कट उघडकीला आला. त्यानंतर वर्षभराच्या आतबाहेर हे नाटक आलं. अशा वेळी राजाचा पूर्वज खुनात सामील दाखवणं किंवा राजाला मारणारा माणूस दहा वर्षं चांगलं राज्य करतो असं दाखवणं शक्यच नव्हतं. स्पष्टीकरण खरं आहे. बँक्वोच्या बाबतीत तर शंभर टक्के खरं आहे. पण त्यानं माझं समाधान होत नाही, कारण निव्वळ खुशामत करणाऱ्या लेखकाचं नाटक चारशे वर्षं टिकत नाही. खुशामतीत फक्त गाळलं जातं. इथे गाळण्याबरोबर काहीतरी घातलंही आहे: गुपित.

इतिहासातला मॅकबेथ, हॉलिनशेडचा मॅकबेथ आणि शेक्सपिअरचा मॅकबेथ, तिघांनीही डंकनला मारलं आहे. तिघेही महत्त्वाकांक्षी आहेत. तिघेही शूर, कर्तबगार आहेत. नाटकाच्या सुरुवातीला तर डंकनचं राज्य मॅकबेथच्या तलवारीवरच तरलेलं आहे. तेव्हा फरक महत्त्वाकांक्षेत नाही, कर्तबगारीतही नाही, आणि ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण हत्येतही नाही. फरक इतकाच की पहिल्या मॅकबेथनं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, दुसऱ्यानं काय केलं ते त्याला राजा करणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि तिसऱ्यानं काय केलं ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक आहे.

आता नाटकातली एक जागा, जी वाचताना आपण भराभर ओलांडतो. खुनानंतर मॅकबेथ गादी बळकावत नाही. तो निवडला जातो. डंकनचे दोन्ही मुलगे भीतीनं पळून गेल्यामुळे संशय त्यांच्यावर जातो, आणि सरदार मॅकबेथचं नाव जाहीर करतात. मॅकडफच ही बातमी सांगतो की त्याचं नाव ठरलं, तो अभिषेकासाठी स्कोनला गेलासुद्धा. म्हणजे औपचारिक दृष्टीनं सगळं व्यवस्थित आहे. नात्यानं जवळचा, पराक्रमानं श्रेष्ठ, सरदारांची संमती, स्कोनला विधिवत अभिषेक. एखाद्या वकिलाला बोलावलं तर तो म्हणेल, कागद चोख आहेत.

पण ही संमती कशाला दिलेली आहे? सरदारांनी राज्य दिलं ते राजाच्या मृत्यूनं व्यथित झालेल्या, रागाच्या भरात मारेकऱ्यांना ठार करणाऱ्या एका निष्ठावंत सेनापतीला. तो माणूस अस्तित्वातच नाही. विक्रेत्यानं दोष दडवून घर विकलं तर आपण म्हणतो व्यवहार झालाच नाही, सही असली तरी. मॅकबेथच्या राज्याचं हेच आहे. मराठीत आपण ‘लायकी’ आणि ‘अधिकार’ हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. लायकी माणसाच्या अंगात असते. अधिकार दुसऱ्यांकडून येतो, आणि देणाऱ्याला माहीत असावं लागतं की आपण कुणाला काय देतोय. नाटकातल्या मॅकबेथकडे लायकी भरपूर आहे. अधिकार त्याला एक दिवसही मिळालेला नाही. मुकुट मिळाला, ही गोष्ट वेगळी.

आणि इथेच माझ्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न येतो. राज्य नीट चालवलं असतं तर? शेक्सपिअरचं उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे असं आहे की असं मिळवलेलं राज्य नीट चालवताच येत नाही. चांगुलपणा कमी पडतो म्हणून नव्हे, वेळच उरत नाही म्हणून. नाटकातल्या राजा मॅकबेथची कामं मोजा. बँक्वोला मारायचं, कारण चेटकिणींचं भाकीत त्याला माहीत आहे आणि त्याला संशय आलाय. त्याच्या मुलाला मारायचं. प्रत्येक सरदाराच्या घरात एक पगारी नोकर फितूर करून ठेवायचा. हे तो बायकोला स्वतः सांगतो. मॅकडफ मेजवानीला का आला नाही याचा तपास करायचा. पुढे काय होणार ते विचारायला पुन्हा चेटकिणींकडे जायचं. यात राज्यकारभार कुठे आहे? कर, न्याय, रस्ते, धान्य, काहीच नाही. सगळं सरकार एका माणसाचं गुपित राखायच्या कामाला जुंपलेलं आहे. म्हणून दहा वर्षं गाळली, असं मला वाटतं. गुपित घातलं त्या क्षणी ती दहा वर्षं अशक्य झाली. हे दोन बदल नाहीत, एकच बदल आहे.

प्लेटोनं ‘रिपब्लिक’च्या नवव्या भागात जुलमी सत्ताधाऱ्याचं वर्णन केलंय. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्यातली एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. प्लेटो म्हणतो की साऱ्या नगरात हा एकच माणूस असा, की ज्याला कुठे प्रवासाला जाता येत नाही. इतर स्वतंत्र नागरिक जे पाहायला जातात ते याला पाहता येत नाही. तो घरात कोंडून राहतो आणि बाहेरगावी जाऊन काही चांगलं पाहून आलेल्यांचा हेवा करतो. आता त्या १०५० सालच्या यात्रेकडे पुन्हा पहा. इतिहासातला मॅकबेथ रोमला गेला, सावकाश, पैसे वाटत. नाटकातला मॅकबेथ शेवटी डन्सिनेनच्या किल्ल्यात तटबंदीमागे बसलाय, चिलखत चढवतोय, उतरवतोय, आणि सरदार एकेक करून पळून जातायत. तो रोमला जाऊ शकेल का? तो शेजारच्या गावाला तरी जाऊ शकेल का?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. “सर, म्हणजे उघडपणे खून केला की झाला का राजा? इतिहासात कितीतरी जुलमी लोकांनी भर चौकात माणसं मारून राज्यं घेतली.” बरोबर आहे. सर्वांच्या देखत मारणाऱ्याला लोक भीतीपोटीही मान तुकवतात, आणि त्या तुकवलेल्या मानेला संमती म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. अकराव्या शतकातल्या मरीच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. मला इतकंच म्हणायचं आहे की उघड कृत्याचा निवाडा करायची निदान सोय राहते. क्रिनानला आपल्या मुलाला कुणी मारलं ते माहीत होतं, म्हणून तो उठू शकला. हरला, पण कुणाविरुद्ध लढतोय ते त्याला कळत होतं. लपवलेल्या कृत्यानं अधिकार मिळत नाही हे मी ठामपणे म्हणेन. उघड कृत्यानं मिळतोच, असं मी म्हटलेलं नाही.

आता नाटकातला तो प्रसंग, जो प्रयोगात बहुधा कापतात कारण प्रेक्षक कंटाळतात. चौथा अंक, तिसरा प्रवेश. मॅकडफ पळून इंग्लंडमध्ये माल्कमकडे आलाय आणि म्हणतोय, चल, राज्य घे. माल्कमला संशय, हा मॅकबेथचा हेर असेल. म्हणून तो स्वतःबद्दल खोटं सांगायला लागतो. म्हणतो, मी राजा झालो तर मॅकबेथ बरा म्हणाल. मी इतका कामुक आहे की तुमच्या लेकीसुना पुरणार नाहीत. मॅकडफ म्हणतो, वाईट आहे, पण निभावून नेता येईल. माल्कम म्हणतो, मी लोभी आहे, सरदारांच्या जमिनी लुटीन. मॅकडफ म्हणतो, हे अधिक वाईट, पण स्कॉटलंड संपन्न आहे, तेही सोसू. मग माल्कम राजाला शोभणारे बारा गुण मोजतो. न्याय, सत्य, संयम, स्थैर्य, दातृत्व, चिकाटी, दया, नम्रता, भक्ती, सहनशीलता, धैर्य, मनोबल. आणि म्हणतो, यातला एकही माझ्यात नाही. मला सत्ता मिळाली तर जगातली शांतता मोडून टाकीन. आता सांग, असा माणूस राज्य करायला लायक आहे का?

म्हणजे आज पत्रिकेवर छापलेला प्रश्न नाटकात प्रत्यक्ष विचारला जातो, फक्त तो मॅकबेथबद्दल नाही. आणि मॅकडफ उसळून म्हणतो की राज्य करायला काय, असा माणूस जगायलाही लायक नाही. तो जायला निघतो. तेव्हा कुठे माल्कम कबूल करतो की हे सगळं खोटं होतं.

या प्रसंगाची मौज पहा. माल्कम खोटं बोलतोय, पण उलट्या दिशेनं. मॅकबेथनं दोष लपवून संमती मिळवली; हा नसलेले दोष उघड करून संमती मागतोय. सगळ्या नाटकात एका माणसाला, मॅकडफला, राज्य मागणाऱ्याबद्दल सर्वांत वाईट ते आधी सांगितलं जातं आणि मग विचारलं जातं. त्याचं उत्तर मला फार मानवी वाटतं. तो काही आदर्शवादी नाही. दोन मोठे दोष तो गिळतो. त्याची सोसण्याची तयारी पाहून थोडी किळसच येते, कारण त्या लेकीसुना कुणाच्या हे तो विचारत नाही. पण एका ठिकाणी तो थांबतो. हक्काचा वारस समोर असूनही ‘नाही’ म्हणतो.

हा ‘नाही’ जेम्स राजाच्या दरबारी कसा ऐकला गेला असेल? जेम्सनं १५९८ साली पुस्तक लिहून प्रतिपादन केलं होतं की राजा फक्त देवाला जबाबदार असतो आणि दुष्ट राजाविरुद्धही प्रजेला शस्त्र उचलता येत नाही. गंमत अशी की त्याचे लहानपणीचे गुरू जॉर्ज ब्यूकॅनन यांनी १५७९ साली नेमकं उलट लिहिलं होतं: सत्ता प्रजेकडून येते आणि जुलमी राजाला प्रजा दूर करू शकते. शिष्याच्या राज्यात गुरूच्या पुस्तकांवर बंदी आली. याच ब्यूकॅनननं स्कॉटलंडचा इतिहासही लिहिला, आणि मॅकबेथपाशी आल्यावर त्यानं म्हटलं की यातल्या काही गोष्टी इतिहासापेक्षा नाटकशाळेलाच शोभतील, म्हणून मी त्या सोडून देतो. शेक्सपिअर तेव्हा अठरा वर्षांचा होता. (हशा) मॅकडफच्या तोंडचा नकार हा ब्यूकॅननच्या बाजूचा आहे, असं मला वाटतं. पुढच्याच क्षणी माल्कम निर्दोष ठरतो, त्यामुळे जेम्सलाही काही बोलता येत नाही.

त्या मुलीला आज मी काय सांगितलं असतं? सांगितलं असतं की बाई, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं होतं. सतरा वर्षं राज्य करणारा एक मॅकबेथ होऊन गेला, आणि त्यानं ते बऱ्यापैकी केलं असावं. ज्या मॅकबेथला ते करता आलं नाही, त्याला खुनानं नव्हे, लपवाछपवीनं अडवलं. आणि मग तिनं आणखी काहीतरी विचारलं असतं, ज्याचं उत्तर मला आलं नसतं.

एक गोष्ट सांगायची राहिली, लूलाखची. १०५४ साली नॉर्थंब्रियाच्या सिवर्डनं स्वारी केली. मोठी लढाई झाली, ते नॉर्मन आश्रितही तीत मारले गेले, सिवर्डचा मुलगा पडला. नाटक इथे संपतं. इतिहासात मॅकबेथ आणखी तीन वर्षं राजा होता. १०५७ च्या ऑगस्टमध्ये लम्फॅननला माल्कमनं त्याला मारलं. तरी माल्कमला गादी मिळाली नाही. मॅकबेथचा सावत्र मुलगा लूलाख राजा झाला. म्हणजे मॅकबेथ गेल्यावरही त्याच्या घराला मानणारे लोक पुरेसे होते. काही महिन्यांनी, १०५८ च्या मार्चमध्ये, माल्कमनं लूलाखलाही मारलं. आयर्लंडच्या वृत्तांतात त्या नोंदीच्या शेवटी दोन लॅटिन शब्द आहेत. अर्थ होतो, कपटानं. डंकन मेला त्या १०४० सालच्या नोंदीत ते शब्द नाहीत.